वगळलेलं पान

आधीच सांगतो, मी मऊ माणूस नाही. नोकरीत असताना मी दुकानांमधले तराजू आणि वजनं तपासायचो. पाच ग्रॅमचा फरक निघाला की तराजू सील, मग समोर दुकानदार रडो नाहीतर पाया पडो. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. आमच्या चर्चमध्ये ज्या मोठ्या माणसांना बाप्तिस्मा घ्यायचा असतो, त्यांचा वर्ग तीस वर्षं मीच घेतोय. बारा गुरुवार, बारा धडे. एक धडा बुडला तर तो भरून काढल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. लोक मला नियममास्तर म्हणतात, आणि मागे नाही, तोंडावर म्हणतात. आमची ही तर म्हणते, "तुम्ही जन्माला येताना दाईलासुद्धा विचारलं असेल, हात धुतलेत का म्हणून."

गेल्या वर्षी चर्चनं आम्हा बारा जणांना दहा दिवसांच्या मिशनवर पाठवलं. बसनं आठ तास. गाव गोदीचं, क्रेनचं, गोदामांचं. तिथलं चर्च लहानसं, फादर महिन्यातून एकदाच यायचे. जोड्या करून घरोघर जायचं, दुपारी तीन ते पाच हॉस्पिटलमध्ये. ज्यानं बोलावलं त्याच्याच खाटेजवळ बसायचं, न विचारता उपदेश करायचा नाही, असा नियम होता आणि तो मीच करून दिला होता. माझा जोडीदार म्हणजे आमचा ऑर्गन वाजवणारा. दुसऱ्याच दिवशी त्याच्या पोटानं दगा दिला. तो मुक्कामाच्या शाळेत गोळ्या खात पडला आणि मी वही काखेत मारून हॉस्पिटलला एकटाच गेलो.

तिसऱ्या मजल्यावर सहा नंबरचा वॉर्ड. बाहेर लांब व्हरांडा, भिंतीला लाकडी बाक, बाकावर नातेवाईक. आणि शेवटच्या बाकावर तो बसला होता.

पाठमोरा. काळा चष्मा डोक्यावर सरकवलेला. मानेवर ठिणग्यांचे बारीक काळे डाग. हात गुडघ्यांवर, नंबर लागायची वाट बघणाऱ्या माणसासारखा शहाण्यासारखा बसलेला. मी जिना चढून आलो होतो, दम लागला होता. मी भिंतीला हात टेकला. एक नर्स म्हणाली, "बाबा, बीपीचा त्रास आहे का?" मी म्हटलं, नाही. परत बघितलं तर बाकावर एक बाई मुलीची वेणी घालत बसली होती.

हा कोण ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हाताऱ्याला भ्रम झालाय. झालाही असेल, पण बावीस वर्षांचा जुना आहे.

तो वेल्डर होता. माझ्या वर्गात नवरा-बायको दोघं यायचे. बायकोचे धाकट्या मुलीच्या दुखण्यात तीन-चार गुरुवार बुडाले, म्हणून नियमाप्रमाणे मी तिला पुढच्या वर्षी बसायला सांगितलं. हा मात्र कामावरून थेट यायचा, अंगाला जळक्या लोखंडाचा वास, आणि मागच्या रांगेत बसून पेंगायचा. पण प्रश्न असे विचारायचा की माझी झोप उडायची. दहा धडे झाले. दहाव्या धड्यानंतर दोन दिवसांनी त्याला हॉस्पिटलमध्ये टाकल्याचा निरोप आला. फुप्फुसं गेली होती. शनिवारी चार वाजता मी भेटायला गेलो. बायको उशाशी स्टुलावर बसली होती, लॉकरवर पाण्याची बाटली. मला बघून तो उठायचा प्रयत्न करायला लागला. म्हणाला, "मास्तर, आत्ताच करून टाका ना माझा बाप्तिस्मा. दोन धड्यांचं मी वर जाऊन बघतो काय ते."

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "असं होत नाही. फादर परगावी गेलेत, उद्या संध्याकाळी येतील. तोवर धीर धरा. सगळ्याला नियम असतो."

तो हसला. खोकला आला, तो संपेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "बरं. थांबतो."

रविवारी पहाटे साडेपाचला तो गेला.

आता खरं सांगतो. आमच्या पुस्तकात अकरावा धडा आहे, त्याचं तिसरं पान. माणूस मरणाच्या दारात असेल आणि मागत असेल, तर फादरांची वाट बघायची नाही. कुणीही करावं. पाणी घ्यावं, तीनदा डोक्यावर ओतावं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं शब्द म्हणावेत, झालं. कुणीही म्हणजे कुणीही, स्वतःचा बाप्तिस्मा न झालेल्यानंसुद्धा. हे पान मी त्या आधी आठ वर्षं शिकवत होतो. त्या चार वाजता मला ते तोंडपाठ होतं. पाणी हाताच्या अंतरावर होतं.

आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ. दफनाच्या दिवशी त्याच्या बायकोनं मला विचारलं, "मास्तर, खरंच काही करता आलं नसतं का?" मी म्हटलं, "नाही वहिनी. फादरांशिवाय होतच नाही." इतकं सरळ खोटं मी आयुष्यात त्याआधी कधी बोललो नव्हतो.

फादरांपाशी मी पापकबुलीत सगळं सांगितलं. ते म्हणाले, त्याची इच्छा होती, देवाला तेवढं पुरतं, तो देवाघरीच आहे, तू काळजी करू नकोस. त्याला आमच्याच कबरस्तानात जागा दिली. मलाही क्षमा मिळाली, रीतसर. पण वेल्डर काही ऐकेना. तो थांबला होता. दवाखान्यातल्या बाकावर, पोस्टातल्या रांगेत, बसथांब्याच्या टोकाला, जिथे जिथे माणसं वाट बघतात तिथे हा पाठमोरा बसलेला. कधी वळला नाही, कधी बोलला नाही. बोलला असता तर मी भांडलो तरी असतो. आणि दर वर्षी अकरावा धडा आला की मी दुसऱ्या पानावरून चौथ्या पानावर जायचो. ते पान माझ्या तोंडून निघायचंच नाही. बावीस वर्षांत माझ्या वर्गातून तीनशेच्या वर माणसं बाहेर पडली, आणि ते पान एकालाही मी शिकवलेलं नाही.

तर, सहा नंबरचा वॉर्ड. मी आत शिरलो. खिडकीपाशी एका म्हाताऱ्या क्रेनवाल्यानं आम्हाला बोलावल्याचं वहीत लिहिलं होतं. तिकडे वळलो तर त्याच्या खाटेला पडदा ओढलेला. फटीतून दिसलं ते असं. सत्तरीची एक बाई, हॉस्पिटलचा निळा एप्रन, बाजूला धुतलेल्या चादरींची ढकलगाडी. डाव्या हातानं तिनं त्याचं डोकं उचलून धरलं होतं आणि उजव्या हातातल्या स्टीलच्या फुलपात्रातून ती त्याच्या कपाळावर पाणी ओतत होती. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. शब्दही म्हणत होती. मी कान टवकारले. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पडदा सारून मी म्हटलं, "काय चाललंय हे? कुणाला विचारून करताय?"

ती दचकलीसुद्धा नाही. "यांना विचारून," म्हणाली आणि हनुवटीनं पेशंटकडे दाखवलं. "जरा सरका, कान पुसू द्या. कानात पाणी गेलं की त्यांना आवडत नाही."

क्रेनवाला डोळे मिटून पडला होता. ओठ हलत होते. मला बघून म्हणाला, "तुम्ही उशीर केलात. मावशीनं उरकलं." आणि हसायला लागला. दात नव्हते, तरी एवढं मोकळं हसू मी कुणाच्या तोंडावर बघितलेलं नाही. तासाभरानं तो गेला.

मी त्या बाईला शोधत तळमजल्यावर गेलो. चादरींची खोली लांबट होती, तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर वॉर्डांचे नंबर, मधे मोठं टेबल, कोपऱ्यात वाफेची इस्त्री फुसफुसत होती. दमट, गरम, साबणाचा वास. ती फाटक्या चादरी बाजूला काढत होती. मी दारातूनच सुरू केलं. "तुमचा बाप्तिस्मा कुठे झालाय? कुठल्या चर्चच्या तुम्ही?"

"माझा? झालेला नाही."

"झालेला नाही?"

"नाही बाई. कुणी विचारलंच नाही."

असं ती म्हणाली, जसं एखादी म्हणेल की चहा घेतला नाही, कुणी विचारला नाही. अकराव्या धड्याचं तिसरं पान. ही बाई ते पान होती, चालतंबोलतं, आणि तिच्यावर मी खेकसत होतो.

"तरुणपणी इथे एक नन होत्या, सिस्टर," ती सांगायला लागली. "रात्रंदिवस त्याच. त्यांनी मला शिकवलं. म्हणाल्या, मी वरच्या मजल्यावर असेन आणि खाली कुणी मागेल, तर तू कर. मी म्हटलं, सिस्टर, मी तुमच्यातली नाही. त्या म्हणाल्या, पाणी तुझं नाही, शब्द तुझे नाहीत, देणारी तू नाहीस. तुझे फक्त हात. ते स्वच्छ धू म्हणजे झालं. मागितल्याशिवाय मात्र एक थेंब टाकायचा नाही, हे त्यांनी तीनदा बजावलं. मग त्यांची बदली झाली. हे टोक धरा."

"काय?"

"चादरीचं टोक धरा. उभेच आहात तर हातभार लावा. दोघांचं काम आहे हे, मी एकटी कुठवर करू."

मला असं कुणी काम सांगत नाही. पण धरलं. ती चार पावलं मागे गेली, चादर ताणली, झटकली. मग दोघांनी पुढे यायचं, टोकाला टोक मिळवायचं, मी सोडायचं, तिनं घ्यायचं. परत मागे. पहिल्या पाच-सहा घड्या मी वाकड्या घातल्या. ती न बोलता सरळ करून घ्यायची. सातवीनंतर हात बसला.

"किती जणांचा केलात?" मी विचारलं.

"मोजत नाही. राहिले ते दोन माहीत आहेत."

"राहिले म्हणजे?"

"एक जण मागत होता. मी नवीन होते, घाबरट. म्हटलं, मेट्रनबाईंना विचारून येते. दोन मजले चढून गेले, त्या जेवत होत्या, मी बाहेर उभी राहिले. परत आले तर चेहऱ्यावर चादर ओढलेली. मीच सकाळी बदललेली चादर." तिनं घडीवर हात फिरवला. "दुसरी एक बाई होती. तिचंही तसंच, तेव्हा मी सुट्टीवर होते. तो दोष माझा नाही. पहिला माझा."

मी एकदम वळून दाराकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं.

"तुम्ही आल्यापासून तीनदा वळून बघितलंत," ती म्हणाली. "कुणी यायचंय का?"

आणि मी सांगून टाकलं. बावीस वर्षांत फादर सोडले तर कुणापाशी बोललो नव्हतो, आमच्या हिच्यापाशीसुद्धा नाही. ते मी एका अनोळखी बाईला चादरींच्या घड्या घालता घालता सगळं सांगितलं. त्याचं "बरं, थांबतो" सांगताना माझा आवाज फाटला. मी रडलो. मी, ज्यानं दुकानदारांना रडताना उभ्यानं बघितलंय. तिनं चादर सोडली नाही, त्यामुळे मलाही सोडता आली नाही, आणि डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

माझं संपल्यावर तिनं विचारलं, "मग काय म्हणाली ती?"

"कोण?"

"त्याची बायको. तिला सांगितलंत तेव्हा."

"तिला नाही सांगितलं."

ती थांबली. इतका वेळ ती माझ्याशी मायेनं बोलत होती, आता चिडली. "म्हणजे फादरांना सांगितलंत, देवाला सांगितलंत, मला सांगितलंत, मी तुमची कोण? आणि जिचं होतं तिला सोडून गावभर सांगताय?"

"तिला कशाला त्रास? तिनं बिचारीनं मन घट्ट करून..."

"तुम्हाला काय माहीत तिनं मन काय केलंय?"

मी तत्त्वज्ञानात शिरलो. म्हटलं, इच्छेनंही बाप्तिस्मा होतो, तो सुखरूप आहे, देवाची कृपा नियमात बांधलेली नसते, वगैरे. हे सगळं खरं आहे. मीच शिकवतो.

"अहो, तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. "गेलेल्याचं देव बघतोय. त्याची काळजी तुम्ही कशाला वाहताय? तो कुठे अडकलेला नाही. खोटं तुम्ही जिवंत बाईशी बोललात. ते देव कसं निस्तरणार? त्याला तुमचं तोंड लागेल." मग जरा मऊ झाली. "मी त्या पहिल्या पेशंटच्या बहिणीकडे गेले होते. पत्ता काढून. तिनं मला दारातून हाकललं. दुसऱ्या दिवशी परत गेले, तेव्हा शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी पाणी दिलं. सिस्टर म्हणायच्या, येशूनं सांगितलंय, देवापुढे काही ठेवायला निघालास आणि आठवलं की कुणाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे, तर ते तिथेच ठेव, आधी जा. हे तुमच्या पुस्तकात नाही का?"

आहे. सातव्या धड्यात. मी त्यावर प्रश्न काढतो, पाच गुणांचा.

निघताना मी तिला विचारलं. लाज वाटत होती तरी विचारलं. "मावशी, तुम्हाला हवाय का बाप्तिस्मा?"

तिनं हातातली घडी फळीवर ठेवली. "हवाय की नाही, ते अजून कळत नाही," म्हणाली. "पण विचारलंत ते बरं केलंत. चाळीस वर्षांत तुम्ही पहिले. आणि समजा मी टेकीला आले आणि मागितला, तर कुणीतरी असेलच की हात मोकळे असलेलं. मला त्याची नाही भीती." मी तीस वर्षं विश्वास म्हणजे काय ते फळ्यावर लिहून देतोय. त्या व्याख्येत हे कुठे बसवायचं ते मला आजही कळलेलं नाही.

उरलेले सगळे दिवस मी रोज दुपारी तिथे जायचो, आधी वॉर्डात आणि मग चादरींच्या खोलीत. ऑर्गनवाला म्हणायचा, "मास्तर, मिशनवर आलात की धोब्याकडे?" व्हरांड्यातल्या बाकावर तो रोज असायचा. मी त्याला ओलांडून आत जायचो. शेवटच्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसलो. मान वळवायची हिंमत झाली नाही. जळक्या लोखंडाचा वास आला. मी हळूच म्हटलं, "जातो मी तिच्याकडे." शेजारी कुणी हललंसुद्धा नाही.

परत आल्यावर दोन दिवस मी गेलो नाही, हेही सांगतो. बूट घालायचो आणि काढायचो. तिसऱ्या दिवशी ही म्हणाली, "एक तर बाहेर जा, नाहीतर बूट कपाटात ठेवा, मला अडखळायला होतं." मग गेलो.

वहिनींचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत. कपड्यांची उंची कमी-जास्त करायची, चेन बदलायच्या, फाटलं शिवायचं. वेल्डर गेल्यावर त्यावरच तिनं दोन मुली वाढवल्या. तिनं स्वतः पुढच्याच वर्षी माझ्या वर्गात बारा धडे करून बाप्तिस्मा घेतला होता. तेव्हापासून दर रविवारी मी तिला बघतो, नेहमी खांबाआड बसते. मी समोर आलो की मान डोलावते आणि बाजूच्या दारानं निघून जाते. मला वाटायचं, मानी बाई आहे.

ती मशिनवर होती. दुपार, गिऱ्हाईक नव्हतं. मी उभ्यानंच सुरुवात केली, बसलो असतो तर बोललोच नसतो. "वहिनी, त्या शनिवारी मला त्याचा बाप्तिस्मा करता आला असता. फादरांची गरज नव्हती. ते मला माहीत होतं. तरी मी केला नाही. आणि नंतर तुम्हाला खोटं सांगितलं."

मशीन थांबलं. तिनं चाकावर हात ठेवला होता, तो तसाच ठेवला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"माहीत आहे?"

"एकवीस वर्षं माहीत आहे. तुम्ही अकरावा धडा घेताना एक पान उलटून पुढे गेलात. वर्गातल्या सगळ्यांनी उलटलं. मी घरी येऊन तेच पहिल्यांदा वाचलं. मास्तरांनी वगळलं म्हणजे काहीतरी असणार, एवढी अक्कल आहे मला."

खाली बसायला मला काही सापडेना. तिनं पायानं एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. दया म्हणून नाही, मी कोसळलो असतो तर तिलाच उचलावं लागलं असतं.

"आणि आणखी एक सांगते," ती म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी वॉर्डातून बाहेर पडलात. यानं तोंड भिंतीकडे केलं. मला ते बघवेना. मी ती बाटली घेतली आणि त्याच्या डोक्यावर ओतली. सगळी. उशी भिजली, गादी भिजली, नर्स ओरडली माझ्यावर. शब्द कुठे येत होते मला? मी म्हटलं, देवा, हा तुझा, घे याला, कुणी अडवलं तर माझं नाव सांग. तो इतका हसला मास्तर. म्हणाला, नियममास्तरांना कळलं तर काय होईल. मग रात्रभर शांत झोपला, आणि झोपेतच गेला."

माझ्या डोळ्यांपुढे ते सगळे बाक आले, दवाखान्यातला, पोस्टातला, बसथांब्यावरचा.

"म्हणजे तो थांबला नव्हता," मी म्हटलं.

"तो कशाला थांबतोय! पाच मिनिटंसुद्धा नाही थांबला." तिचा आवाज चढला. "थांबले होते मी. दर रविवारी वाटायचं, आज येतील आणि सांगतील. आणि तुमची पावलं जवळ आली की भीतीही वाटायची, की या माणसाला कळलं मी काय केलं, तर हा म्हणेल शब्द चुकले, हे धरता येत नाही. मग मी काय करायचं होतं? एवढंच माझ्याजवळ होतं. ते तुमच्या तराजूत घालायचं नव्हतं मला. बावीस वर्षं तुमचा चेहरा माझ्या मानगुटीवर बसलाय. चर्चमध्ये येते ती देवासाठी आणि बसते ती तुमच्यापासून लपून."

भूत कोण होतं, ते मला तेव्हा कळलं.

मी म्हटलं, "वहिनी, ते धरता येतं. धरलेलंच आहे. मी कोण..." मी हात जोडले.

"माफीचं विचारू नका," ती म्हणाली. "अजून माझ्याजवळ नाही. आली तर सांगेन." मग तिनं सुईत दोरा घातला, पहिल्या झटक्यात गेला नाही, दुसऱ्यांदा ओठात धरून ओला केला. "अकरावा धडा कधी आहे?"

"येत्या गुरुवारी."

"मी येते. ते पान शिकवा. आणि उदाहरण द्या."

"कुठलं?"

तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी परत विचारलं नाही.

गुरुवारपर्यंत तो मला दिसला नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. दिसला. बुधवारी, रेशनच्या रांगेत, तसाच पाठमोरा. आता मला माहीत आहे की तो तो नाही. पण इतक्या वर्षांची सवय एका दुपारी जात नसावी.

गुरुवारी वर्गात नऊ जण होते. वहिनी आल्या आणि सगळ्यात पुढे, माझ्या टेबलासमोर बसल्या. मी तिसरं पान काढलं. कागद कोरा करकरीत होता, बाकीची पानं हाताळून मऊ झालेली. मी वाचलं. पाणी कसं घ्यायचं, काय म्हणायचं, कुणी करायचं ते सांगितलं. मग पुस्तक मिटलं आणि वेल्डरची गोष्ट सांगितली. त्यानं मागितलं होतं इथपर्यंत सांगितलं, मी नाही म्हटलं इथपर्यंत सांगितलं.

मागच्या रांगेत एक बसड्रायव्हर होता, सरळ माणूस. त्यानं हात वर केला. "पण सर, तुम्हाला हे पान पाठ होतं म्हणता. पाणी पण होतं. मग का नाही केलंत?"

याचं उत्तर मी फादरांनाही दिलं नव्हतं. घाबरलो, गोंधळलो, असंच म्हणत आलो होतो. मी घाबरलो नव्हतो.

"कारण माझ्या वर्गातून बारा धडे पुरे केल्याशिवाय कुणी बाप्तिस्म्याला गेलेलं नव्हतं," मी म्हटलं. "एकही नाही. त्याचा मला अभिमान होता. तो अभिमान मला त्या माणसापेक्षा जास्त प्यारा होता."

ड्रायव्हरनं हात खाली घेतला. मला वाटलं, संपलं. मी रुमाल काढला.

"पुढचं राहिलं," वहिनी म्हणाल्या.

मी रुमाल खिशात ठेवला. इतकी वर्षं खांबाआड लपणारी ती बाई आता नऊ जणांसमोर ताठ बसली होती आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती. मी तिच्याकडे बघूनच पुढचं सांगितलं, की दफनाच्या दिवशी या बाईनं मला एक प्रश्न विचारला होता, आणि मी तिला काय उत्तर दिलं.